प्रवरेच्या काठावर बदलत गेलेला भूतकाळ

'विज्ञानाचे काही खरे नाही. काल एक सांगतात, आज दुसरेच,' अशी तक्रार सुशिक्षितांच्या तोंडूनही वरचेवर ऐकू येते. प्लुटो ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळला गेला, तेव्हा ती ऐकू आली. आहाराविषयीचे सल्ले उलटसुलट होतात, तेव्हाही ती ऐकू येते. या तक्रारीत तथ्य आहे आणि गैरसमजही आहे. वैज्ञानिक कल्पना बदलतात हे खरे. परंतु त्या कोणाच्या लहरीने बदलत नाहीत. त्या का बदलतात, कोणत्या पुराव्यापुढे मान तुकवतात आणि बदलताना मागे काय शिल्लक ठेवतात, हे समजून घेण्यासाठी गॅलिलिओ-न्यूटनपर्यंत जाण्याची गरज नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातून वाहणाऱ्या प्रवरेच्या काठावर हा सारा प्रवास अक्षरशः मातीच्या थरांत वाचावयास मिळतो.

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा अकोले, संगमनेर, श्रीरामपूर असा प्रवास करीत नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. मराठी मनाला नेवासे परिचित आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. पुरातत्त्वाच्या जगात मात्र नेवासे, जोर्वे आणि दायमाबाद ही तीन नावे वेगळ्याच कारणाने घेतली जातात. दख्खनच्या प्रागितिहासाविषयीच्या आपल्या समजुती गेल्या पाऊणशे वर्षांत ज्या ठिकाणी पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या, त्यांत ही तीन गावे अग्रभागी आहेत.

रिकामा मानलेला प्रदेश

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातही मानवाचे वय काही हजार वर्षांपलीकडे नेण्याची कोणाची तयारी नव्हती. आर्चबिशप अशर यांनी बायबलच्या आधारे सृष्टीची निर्मिती इ.स.पू. ४००४ मध्ये झाल्याचे गणित मांडले होते आणि त्याचा पगडा दीर्घकाळ टिकला. फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात नामशेष प्राण्यांच्या हाडांसोबत दगडी हत्यारे सापडतात, हे १८५९ साली ब्रिटिश विद्वानांनी मान्य केले आणि मानवाच्या प्राचीनतेचे दार उघडले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६३ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार मिळाले. त्याच दशकात त्याच खात्यातील वाइन या भूवैज्ञानिकाला गोदावरीकाठी, पैठणसमोरच्या मुंगी या गावाजवळील जुन्या गाळात अकीकाचा एक घडवलेला छिलका आढळला. मुंगी हे आजच्या शेवगाव तालुक्यातील गाव. म्हणजे भारतीय प्रागितिहासाच्या पहिल्याच पानांवर या जिल्ह्याची नोंद झालेली आहे.

तरीही पुढील कित्येक दशके महाराष्ट्राचा हा काळ्या दगडाचा प्रदेश अभ्यासकांच्या दृष्टीने जवळजवळ रिकामाच राहिला. दक्षिणेत हत्यारांसाठी जो कठीण क्वार्टझाइट वापरला गेला, तो येथे नाही. तेव्हा आदिमानव या बेसाल्टच्या मुलखात फारसा फिरकला नसावा, असा समज रूढ होता. अश्मयुग संपल्यावर थेट सातवाहनांच्या काळापर्यंत येथे काय घडले, याविषयीही सांगण्यासारखे काही नव्हते. पुरावा मिळाला नाही याचा अर्थ तेथे काही नव्हते, असा लावला गेला होता. विज्ञानाच्या इतिहासात ही चूक वारंवार आढळते. ती शोधून काढण्याचा उपायही ठरलेला आहे, तो म्हणजे जेथे काही नाही असे मानले जाते तेथे जाऊन पाहणे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ साली रुजू झालेले डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी नेमके तेच केले. गोदावरीच्या खोऱ्यातील नाशिक परिसरात त्यांना बेसाल्टचीच हत्यारे मिळाली आणि 'दगड नाही म्हणून माणूस नाही' हा युक्तिवाद निकालात निघाला. दरम्यान १९४७ साली संगमनेरजवळच्या जोर्वे गावात तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी आणि एक बांगडी असा साठा योगायोगाने उजेडात आला. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले. चाकावर घडवलेली, भट्टीत नीट भाजलेली, वाजवल्यास खणखणणारी तांबडी भांडी आणि त्यांवर काळ्या रंगातील भूमितीय नक्षी, असा एक संपूर्ण खापरांचा प्रकार हाती आला. पुढे महाराष्ट्रभर शेकडो पांढरींवर तशीच खापरे मिळत गेली आणि संगमनेर तालुक्यातील या लहानशा गावाचे नाव एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला कायमचे चिकटले. नकाशावरील रिकामी जागा गावांनी भरून गेली.

थर तेच, अर्थ निराळा

नेवाशाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात झाले. 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा आशयाचे नाव त्याच्या अहवालाला दिले गेले, ते सार्थ होते. लाडमोड टेकाडावर मध्ययुगीन वस्तीपासून सातवाहनकाळ, रोमन व्यापाराच्या खुणा आणि त्याखाली जोर्वे संस्कृतीची घरे असा क्रम उलगडला. नदीच्या उभ्या कड्यांत तर त्याहूनही जुना मजकूर होता. तळाच्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी आणि फरशीच्या आकाराची अवजड हत्यारे, त्यावर गाळ, आणि त्यावरच्या गोट्यांच्या थरात अकीक, जास्पर यांसारख्या दगडांच्या छिलक्यांपासून केलेल्या तासण्या, टोचे अशी लहान हत्यारे. सोबत नामशेष झालेल्या रानगव्यासारख्या प्राण्याचे जीवाश्म. पूर्वाश्मयुगाच्या दोन टप्प्यांच्या मध्ये एक स्वतंत्र मधला टप्पा होता, हे थरांच्या आधारे येथे स्पष्ट झाले. सांकलियांनी त्या टप्प्याला नेवाशाचेच नाव सुचवले.

या थरांचा अर्थ लावताना त्या काळी एक सर्वमान्य चौकट हाताशी होती. आल्प्समध्ये चार हिमयुगे होऊन गेली, असे पेंक आणि ब्रुकनर यांनी १९०९ साली मांडले होते. युरोपात हिमयुग असताना उष्ण प्रदेशांत अतिवृष्टीची युगे असणार, असे मानले जाई. मोठे गोटे वाहून आणायला जोरदार नदी हवी, म्हणून गोट्यांचा थर म्हणजे ओला काळ आणि बारीक गाळाचा थर म्हणजे कोरडा काळ, असे सूत्र तयार झाले. ते सोपे होते, तर्कसंगत वाटत होते आणि एका खोऱ्यातील थर दुसऱ्या खोऱ्यातील थरांशी जुळवण्याची सोय त्यात होती.

हे सूत्र पुढे दोन्ही बाजूंनी कोसळले. समुद्रतळातील गाळाच्या नमुन्यांवरून १९५० ते १९७० च्या दशकांत सिद्ध झाले की हिमयुगे चार नव्हे, कितीतरी अधिक होती. इकडे डॉ. गुडरून कॉर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात नेवाशाजवळ चिरकी नाल्यापाशी उत्खनन केले, प्रवरेच्या खोऱ्याचे बारकाईने सर्वेक्षण केले; तर डॉ. शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांचे वर्तन अभ्यासले. पाऊस कमी झाला की नदीला आपले ओझे पुढे ढकलता येत नाही आणि ती पात्रातच गाळाची रास रचत जाते. मान्सून बळावला की हीच नदी तो गाळ कापून खोल उतरते, असे चित्र पुढे आले. आज प्रवरा ज्या उंच मातकट कड्यांमधून वाहते, ते कडे म्हणजे दुर्बळ मान्सूनच्या काळात साचलेला आणि नंतरच्या जोरदार पावसाने कापलेला गाळ होय. गोट्यांचे थरही सलग नसून अनेकदा स्थानिक आहेत, आणि त्यांतील हत्यारे आणखी जुन्या थरांतून वाहून आलेली असू शकतात, हेही लक्षात आले.

येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कड्यातील एकही गोटा हललेला नव्हता. सांकलियांनी नोंदवलेला थरांचा क्रम, हत्यारांचे वर्गीकरण आणि जीवाश्म आजही संदर्भ म्हणून वापरले जातात. बदलली ती त्या नोंदींना एकत्र गुंफणारी कारणमीमांसा.

घड्याळांची दुरुस्ती

प्रागितिहासातील सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती कालमापनाने. विलार्ड लिबी यांनी १९४९ साली कार्बन-१४ ची पद्धत मांडली. त्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यापूर्वी कालनिर्णय खापरांच्या तुलनेवर आणि अंदाजावर अवलंबून असे. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे उत्खनन करून दख्खनच्या दगडी कुऱ्हाडींच्या संस्कृतीचा आरंभ इ.स.पू. पहिल्या सहस्रकात ठेवला होता. नंतर उतनूर येथील कोळशाच्या नमुन्यांनी तोच आरंभ इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात नेला. व्हीलरसारख्या कसलेल्या पुरातत्त्वज्ञाचा अंदाज एक हजार वर्षांहून अधिक चुकला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी प्रयोगशाळा सुरू झाल्यावर जोर्वे संस्कृतीच्या तारखाही वाढत गेल्या आणि तिचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० असा ठरला.

पण हे नवे घड्याळही निर्दोष नव्हते. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण कायम स्थिर असते, असे लिबींनी गृहीत धरले होते. हजारो वर्षे जगणाऱ्या पाइन वृक्षांची वर्षवलये मोजली गेली, तेव्हा १९६० च्या दशकात ते गृहीतक चुकीचे ठरले. विशेषतः तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या तारखा काही शतकांनी मागे सरकल्या. या दुरुस्तीचा धक्का युरोपला अधिक बसला. तेथील महापाषाणीय थडगी इजिप्तच्या प्रभावाने बांधली गेली असे मानले जाई. ती पिरॅमिडांपेक्षाही जुनी निघाली. 'सारे काही पूर्वेकडून पसरत आले' या मताचा पायाच त्यामुळे खचला.

नेवाशाच्या हातकुऱ्हाडींपर्यंत तर कार्बन-१४ पोहोचतच नाही. त्याची मर्यादा सुमारे ५० हजार वर्षांची. युरेनियम-थोरियम पद्धतीने १९९० च्या सुमारास नेवाशाच्या थरांची तपासणी झाली, तेव्हा उत्तर आले ते 'साडेतीन लाख वर्षांपेक्षा जुने' असे. म्हणजे त्या पद्धतीच्याही कक्षेबाहेरचे. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी २०११ मध्ये सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या ठरल्या. त्याच ठिकाणी मध्य पूर्वाश्मयुगीन हत्यारांची सुरुवात जवळपास ३ लाख ८५ हजार वर्षे मागे जाते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेवाशाने ज्या टप्प्याला ओळख दिली, त्याचे वय असे वाढत गेले.

प्रत्येक वाद मिटतोच असेही नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याशी निगडित हातकुऱ्हाडी आहेत. त्या राखेचे वय आधी सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, नंतर साडेसहा लाखांच्या आसपासचे निष्कर्ष आले. रासायनिक साधर्म्यावरून ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची असल्याचे मत काहींनी मांडले. डेक्कन कॉलेजातील डॉ. शीला मिश्रा आदींनी ती त्याहून फार जुनी असल्याचे पुरावे मांडले. एकाच राखेला १४ लाख आणि ७५ हजार अशी दोन वये मिळावीत, हे सामान्य वाचकाला हास्यास्पद वाटेल. परंतु दोन्ही बाजूंनी आपले मोजमाप, नमुना आणि पद्धत उघडपणे मांडलेली असते, म्हणूनच तिसऱ्याला ते तपासता येते.

एकाकी पुराव्याचे मोल

नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळे तिचा दोरा कुजण्यापासून वाचला होता. तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा असल्याचे आढळले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनमध्ये रेशीम? रेशीम ही तर चीनची मिरासदारी, असे मानले जात होते. त्यामुळे हा दोरा अनेक वर्षे तळटिपेत पडून राहिला. हडप्पा आणि चन्हुदडो येथील दागिन्यांत अडकलेले तंतू वन्य रेशमाचे असल्याचे २००९ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले. सिंधू संस्कृतीच्या काळी भारतीय उपखंडात स्थानिक पतंगांचे रेशीम वापरात होते, हे आता मान्य झाले आहे. नेवाशाचा दोरा त्यामुळे एकाकी राहिला नाही. प्रचलित चौकटीत न बसणारी नोंद फेकून न देता जपून ठेवली, तर तिला कधीतरी सोबती मिळतो.

याउलट आकर्षक साम्यही फसवे ठरू शकते. तोटी असलेल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांचे इराणमधील सियाल्क आदी ठिकाणच्या भांड्यांशी असलेले साम्य पाहून सांकलियांनी पश्चिम आशियाशी, इतकेच नव्हे तर आर्यांच्या आगमनाशी संबंध जोडण्याची शक्यता मांडली होती. पुढे दायमाबादला स्थानिक विकासाची सलग शिडीच मिळाली आणि जोर्वे संस्कृती माळवा संस्कृतीतून येथेच घडत गेली, हे मत बळावले. केवळ भांड्याच्या आकारावरून लोकांची स्थलांतरे किंवा त्यांची भाषा ठरवू नये, हा धडा आजच्या अस्मितेच्या वादांतही विसरण्यासारखा नाही.

दायमाबादचे अनुत्तरित कोडे

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे आज ओसाड असलेले गाव. बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये ते स्थळ शोधले, त्यानंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच टप्पे तेथे सापडले. हडप्पा संस्कृतीची दक्षिण सीमा गुजरातच्या किनाऱ्यावर संपते, ही समजूत त्यातील उत्तर हडप्पा टप्प्याने मोडली. जोर्वे काळात ही वस्ती सुमारे २० हेक्टरांवर पसरली होती.

परंतु दायमाबादची कीर्ती झाली ती १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला जमीन खणताना मिळालेल्या चार मूर्तींमुळे. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानले. डॉ. डी. पी. अगरवाल यांनी मात्र हरकत घेतली. या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. त्यामुळे मूर्ती ऐतिहासिक काळातीलही असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. या कोड्याचे निर्विवाद उत्तर मिळालेले नाही, आणि त्याचे कारण प्रतिभेची उणीव हे नाही. धातूच्या वस्तूचे वय थेट मोजता येत नाही. ते तिच्या भोवतालच्या थरावरून ठरते. मूर्ती जमिनीतून निघाल्या त्या क्षणी तो थर नोंदवणारे कोणी तेथे नव्हते.

दुष्काळाची उपपत्ती

जोर्वे संस्कृतीच्या शेवटाविषयीची चर्चा आपल्या आजच्या काळजीशी अधिक निगडित आहे. इ.स.पू. १००० च्या सुमारास बहुतेक गावे ओस पडली. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या विस्तृत उत्खननात चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतलेली दिसली. डॉ. म. के. ढवळीकर यांनी याची सांगड वाढत्या कोरडेपणाशी घातली: पाऊस हटला, शेती खालावली आणि लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले. अवर्षणाशी पिढ्यान् पिढ्या झुंजणाऱ्या नगरकरांना ही उपपत्ती तत्काळ पटावी अशीच आहे.

मात्र पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. इनामगावच्या बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात या मताची फेरतपासणी केली. अखेरच्या टप्प्यात मुलांची वाढ आणि आरोग्य खालावले होते, हे हाडांनी दाखवले. परंतु दख्खनचे हवामान त्यापूर्वीच अर्धशुष्क झालेले होते आणि नेमक्या त्या वेळी अचानक बदल झाल्याचा स्वतंत्र पुरावा नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मग ऱ्हास केवळ पावसाने झाला, की शेतीच्या पद्धती, लोकसंख्या आणि जमिनीचा कस यांचाही त्यात वाटा होता? सारा दोष आभाळावर टाकला की माणसाचे निर्णय तपासावे लागत नाहीत. म्हणूनच हा प्रश्न तीन हजार वर्षे जुना असूनही आजचाच वाटतो.

काय बदलते, काय टिकते

थॉमस कून यांनी १९६२ साली मांडले की विज्ञान सरळ रेषेत वाढत नाही. न बसणाऱ्या गोष्टी साचत जातात आणि एके दिवशी चौकटच बदलते. प्रवरेच्या काठी असा चौकटबदल दिसतो, तसे संथ भरणेही दिसते. पोकळी भरली गेली, ती भर होती. अतिवृष्टीचे सूत्र गेले, ती चौकट बदलली. तारखा सरकल्या, ती साधनांची दुरुस्ती होती. दायमाबादच्या मूर्ती म्हणजे खुला राहिलेला प्रश्न. या चारही प्रकारांना 'विज्ञान बदलते' असे एकच नाव देऊन हात झटकणे म्हणजे त्यांतील फरक न पाहणे होय. जुन्या संशोधकांना मूर्ख ठरवणेही तितकेच अयोग्य. त्यांनी नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या म्हणूनच त्यांची मते खोडता आली.

कल्पना दुरुस्त होऊ शकते, पण नष्ट झालेला पुरावा परत येत नाही. पांढरीची माती खत म्हणून शेतात पसरली जाते, टेकाडे सपाट होतात, नदीपात्रातील वाळू उपसताना कडे ढासळतात. सांकलियांच्या हाती युरेनियमची पद्धत नव्हती, तरीही नेवाशाचे थर जागेवर राहिले म्हणून ती पुढच्या पिढीला वापरता आली. उद्याच्या संशोधकाकडे आपल्या कल्पनेपलीकडची साधने असतील. त्याला तपासण्यासाठी प्रवरेच्या काठी काही थर जागेवर शिल्लक ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.